अकरा सोमवारांचे निरंक

रंभाजी साळवे एकोणीस वर्षे विद्यापीठात कामाला होता आणि या एकोणीस वर्षांत एकही दिवस तो विद्यापीठाचा नोकर नव्हता. हजेरीपटावर त्याची नोंद 'नळ कारागीर, रोजंदारी' अशी होती. दर एकोणनव्वद दिवसांनी त्याचे नाव पटावरून निघायचे, एक दिवस तो घरी बसायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लागायचा. त्या एका दिवसाला सगळे 'ब्रेक' म्हणत. ब्रेकच्या दिवशी कुठे पाइप फुटला, तर त्याला घरून बोलावून आणत. हजेरी मात्र मांडत नसत.

घर म्हणजे पंपघराला लागून असलेली पत्र्याची खोली. तिथे तो आणि त्याची बायको बनाबाई राहत. खोली कामावर होती. काम सुटले की आठ दिवसांत खोली सुटायची.

माणूस कामाचा पक्का. पान्याचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाला लावून पाणी कुठे झिरपते ते तो सांगायचा आणि तिथेच खोदले की ओल सापडायची. टाकी धुतल्यावर नव्या पाण्याची पहिली ओंजळ तो स्वतः प्यायचा. कुणी हसले तर म्हणायचा, "सैपाक करनारानं आधी चाखावा का न्हाई?"

सत्त्याण्णव साली त्याच्या नशिबाने जरा कूस बदलली. जुन्या रोजंदारांना कायम करायची यादी निघाली. ज्येष्ठतेने रंभाजी पहिला. अट एकच, वय पंचावन्नच्या आत हवे. चौथीच्या दाखल्यावर मास्तरांनी गावातल्या सगळ्या पोरांप्रमाणे त्याचीही जन्मतारीख एक जून टाकली होती. येत्या एक जूनला पंचावन्न पूर्ण होणार होते. यादी मे महिन्यात मंजूर झाली तर रंभाजी कायम. नाही झाली, तर पुढची यादी त्याच्यासाठी नव्हतीच.

त्याच वर्षी जानेवारीत विद्यापीठाने गुणवत्तेचे मनावर घेतले. कुठलेसे मानांकन मिळवायचे होते. देखभाल विभागाचे शाखा अभियंता राधाकृष्ण काकडे पुण्याहून तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले आणि विभागाच्या भिंतीवर तीन पाट्या लागल्या : शून्य दोष, शून्य अपघात, शून्य तक्रार. प्रत्येक कामाला एक छापील पत्रक आले. पाण्याच्या टाक्यांचे पत्रक दर सोमवारी भरायचे. टाकीचा क्रमांक, तारीख, 'तपासणीत आढळलेले दोष' आणि सही.

काकडे वाईट माणूस नव्हते. कामाची शिस्त त्यांना खरोखर हवी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या इमारतींवरून चक्कर मारली आणि धोकादायक वस्तूंची यादी केली. मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी उंच खांबांवर होती. तिच्या लोखंडी शिडीच्या दोन पायऱ्या गंजून तुटल्या होत्या. ती शिडी कापून काढली, भंगारात टाकली आणि फोटो फाइलला लावला. नव्या शिडीचा प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला.

पहिल्या सोमवारी रंभाजीने दोन पिंपांवर टेबल ठेवून चढायचा बेत केला. काकडे गच्चीवरच होते.

"उतर खाली. पडलास म्हणजे?"

"साहेब, एकोनीस वर्षं चढतोय. वर झाकन नीट बसत न्हाई, वाऱ्यानं सरकतं. बघाया पायजे."

"शिडी आल्याशिवाय या टाकीवर चढायचं नाही. पडलास तर अपघात नोंदवावा लागेल. एक नोंदला की वर्षाचा आकडा गेला."

रंभाजी उतरला आणि पत्रक घेऊन कार्यालयात कारकुनाकडे, सहादेवकडे गेला. सहादेव टेबलाशी चहाची बशी फुंकत बसला होता.

"भाऊसाहेब, शिडी न्हाई म्हनून वहीत लिवा."

"ती तक्रारवही आहे रंभाजी. त्यात लिहिलं की तक्रार वाढली. साहेबांना या महिन्यात खाली आणायच्यात. तोंडी सांगितलंस ना? झालं मग."

"मंग ह्या कागदाव काय लिवू? टाकी तर म्या बघितलीच न्हाई."

"तपासणी नाही ना झाली? मग निरंक लिही."

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही. रजेच्या तक्त्यात नाही का आपण लिहीत? कुणी रजा घेतली नाही, की निरंक. तसंच. काही झालं नाही, निरंक."

रंभाजीने अक्षर अक्षर जुळवून तो शब्द लिहिला आणि खाली सही केली. त्याच्या मनात हिशेब सरळ होता. टाकी बघितली नाही, तसे लिहून दिले, आता वरचे लोक बघतील.

वरच्या लोकांनी बघितलेही. गुणवत्ता कक्षात ती पत्रके वाचली गेली ती अशी : आढळलेले दोष, निरंक. म्हणजे टाकी तपासली आणि एकही दोष सापडला नाही. सोमवारामागून सोमवार गेले. शिडी आली का, असे रंभाजी दर वेळी विचारायचा, सहादेव मान हलवायचा, आणि रंभाजी तोच शब्द लिहून द्यायचा. मार्चअखेर विभागाचा सत्कार झाला. काकडेंनी भाषणात मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीचा दाखला दिला. लागोपाठ इतके आठवडे एकही दोष नाही, म्हणाले. मागे उभ्या रंभाजीला त्यातले निम्मेच कळले. आपल्या टाकीचे नाव घेतले म्हणून त्याला बरेच वाटले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षा तोंडावर असताना, वसतिगृहात उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत बेचाळीस मुली आजारी. टाकीला बाहेरून बांबू बांधून माणसे वर चढवली, तेव्हा झाकण कडेला सरकलेले दिसले. आत कबुतरे मरून पडली होती, एक-दोन नव्हे, आणि ती आजकालची नव्हती. बाकीच्या मुली सलाइनवर सावरल्या. रेश्मा नावाच्या एका मुलीच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. नगरच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी ती गेली.

चौकशी समिती बसली. समितीपुढे अकरा पत्रके मांडली होती. अकरा तारखा, अकरा निरंक, अकरा सह्या. अध्यक्ष वयस्कर प्राध्यापक होते. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "तुम्ही टाकी तपासली होती का?"

"न्हाई साहेब."

"मग दोष नाहीत असं अकरा वेळा कसं लिहिलं?"

"दोस न्हाईत असं कुटं लिवलंय? निरंक लिवलंय. काई झालं न्हाई म्हनून."

"तेच तर. काही झालं नाही म्हणजे दोष नाही."

"तसं न्हवं साहेब. काई झालं न्हाई, म्हंजी बघायचंच झालं न्हाई."

एक सदस्य गालात हसले. शब्द एकच होता. रंभाजी त्याला एका बाजूने धरून ओढत होता, ते दुसऱ्या बाजूने.

"हा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?"

रंभाजीने सहादेवकडे बघितले. सहादेव समितीच्या नोंदी घ्यायलाच बसला होता. त्याने मान वर केली नाही. "मला आठवत नाही," तो कागदाकडे बघत म्हणाला. "शिडीबद्दलची तक्रार वहीत नाही." हे मात्र खरे होते.

त्या दुपारी काकडेंनी रंभाजीला केबिनमध्ये बोलावले आणि खुर्चीवर बसायला सांगितले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. रंभाजी कडेला टेकला.

"हे बघ, यातून दोन वाटा आहेत. समितीपुढं बोललास ते अजून तोंडीच आहे. लेखी जबाबातही तपासलं नाही म्हणालास तर ती खोटी नोंद झाली. अकरा वेळा. त्याला माफी नाही. उद्या कामावरून कमी करतील, पोलिसातही जाईल. तपासलं, पण नजरचुकीनं दिसलं नाही, म्हणालास तर तो निष्काळजीपणा. त्याला ताकीद देतात. ताकीद असली तरी कायम करता येतं, मी नियम बघितलाय. यादी माझ्याच सहीनं वर जाणार आहे."

"साहेब, शिडी तुमीच काडली."

काकडेंनी समोरची फाइल मिटली. "मलाही दोन पोरं आहेत रंभाजी," ते म्हणाले आणि टाइप केलेला जबाब पुढे सरकवला. "गुरुवारपर्यंत विचार कर."

घरी बनाबाईने सगळे ऐकून घेतले. भाकरी थापायची तेवढी थांबली.

"मंग सही करा."

"अगं, म्या टाकीत बघितलं आन मला मेलेली कबुतरं दिसली न्हाईत, असं लिवलंय त्यात. आंधळा हाय का मी? बघितलं असतं तर दिसलं न्हसतं व्हय?"

"ते तुमाला ठावं, मला ठावं. दुसऱ्या कुनाला ठावं असून काय उपेग?"

"बने, पोरगी मेली."

"तुमी सही न्हाई केली तर उटून बसनार हाय का ती?" ती म्हणाली. मग तिचाच आवाज पडला. "एक जूनला पंचावन भरत्यात. आठ दिसांत खोली खाली करा म्हनतील. जायाचं कुटं? पारनेरात भावाच्या पडवीत? त्यालाच पाय पसराया जागा न्हाई. सांगा ना, जायाचं कुटं?"

रंभाजी उठून बाहेर पडला. दोन दिवस त्याने दारे ठोठावली. अध्यक्षांच्या बंगल्यावर गेला; ते पुण्याला गेले होते. कामगार संघटनेचा पुढारी म्हणाला, रोजंदार आमच्या सभासदांत येत नाही. सहादेवला त्याने सायकल स्टँडवर गाठले.

"भाऊसाहेब, तुमच्या लेकराबाळांची आन घालत न्हाई. एवडंच म्हना, का निरंक मला तुमी सांगितलं."

सहादेवने सायकलचे कुलूप काढले, पुन्हा लावले. "सांगितलं मी," तो हळूच म्हणाला. "तुझ्यापाशी कबूल करतो. तिथं नाही करू शकत. माझी अजून बारा वर्षं आहेत."

गुरुवारी रंभाजीने सही केली. पत्रकावर करायचा तशीच, अक्षर अक्षर जुळवून. बावीस मे रोजी यादी मंजूर झाली. सव्वीस तारखेला त्याच्या नावाने आयुष्यातले पहिले सेवापुस्तक उघडले. पहिल्या पानावर नाव, गाव, जन्मतारीख, अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या पानावर पहिलीच नोंद : टाकीच्या तपासणीत दोष नजरेतून सुटल्याबद्दल सक्त ताकीद. बनाबाईने पेढे आणले नाहीत आणि त्यानेही विचारले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वसतिगृह रिकामे झाले, तेव्हा एका खोलीचा नळ बदलायला रंभाजी गेला होता. व्हरांड्यात पांढऱ्या टोपीतला एक माणूस लोखंडी पेटी एकट्याने उचलायचा प्रयत्न करत होता. रंभाजीने पाना खाली ठेवला आणि दुसरी कडी धरली.

"कुनाची पेटी?"

"लेकीची. रेश्माची." माणसाचे नाव गोरक्ष. शिंगणापुरात पूजेच्या सामानाचे छोटे दुकान होते. पेटीला कुलूप नव्हते. झाकण सारखे उघडत होते म्हणून त्याने उपरणे आवळून बांधले. "आमच्या गावात दारालाबी कुलूप नसतं. तिनं कदी लावलंच न्हाई. हितं पोरी हसायच्या म्हने."

दोघांनी पेटी फाटकापर्यंत नेली. टेम्पो यायचा होता. गोरक्ष पेटीवर बसला, त्याने रंभाजीलाही शेजारी जागा करून दिली. रंभाजी उभाच राहिला.

"तुमी हितंच कामाला का?"

"व्हय. नळाचं काम."

"मंग तुमाला ठावं आसंल. त्या टाकीव मानूस हुता ना? त्यानं बघितलं न्हवतं का? का बघितलंच न्हाई कुनी? आमी कागद मागितला, तर म्हनले तपासनी झाल्ती. खरं काय, ते एवडं सांगा. दुसरं काई मागत न्हाई मी."

रंभाजीच्या खिशात कायम नोकराचे ओळखपत्र होते, नवे, प्लास्टिकच्या पाकिटातले. त्याच्या ओठांवर शिडी आली, सहादेव आला, काकडेंच्या केबिनमधली खुर्ची आली. हा माणूस आत जाऊन विचारेल, मग सही केलेला खोटा कागद बाहेर येईल, मग खोली जाईल.

"तो मानूस मीच," तो म्हणाला. "बघितलं हुतं म्या. मला दिसलं न्हाई."

गोरक्ष उठून उभा राहिला. रंभाजीने खांदे आवळून घेतले. फटका बसावा असे त्याला मनापासून वाटले.

गोरक्षने पेटीवरचे उपरणे पुन्हा आवळले. मग टोपी काढून तोंड पुसले.

"व्हतं आसं," तो म्हणाला. "मानसाच्याच डोळ्याला चुकतं. तुमी कबूल तरी केलं. मला वाटलं हुतं कुनी वर चढलंच नसंल, नुसतं कागदाव लिवलं आसंल. तसं असतं तर म्या सोडलं नसतं. जाऊ द्या बाबा, तुमचीबी झोप गेली आसंल."

टेम्पो आला. पेटी चढवली, गादी चढवली. खाली एक प्लास्टिकची बादली राहिली, पिवळी, बाहेरून ऑइलपेंटने मुलीचे नाव लिहिलेली. गोरक्षने ती उचलली आणि रंभाजीच्या हातात दिली.

"ही ठेवा तुमी. घरी नेऊन हिच्या आईम्होरं काय ठेवू? तुमच्या कामाला येईल."

रंभाजीने ती घेतली. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी तो फाटकाशीच उभा होता. मग चालू लागला. फाटकापासून पंपघरापर्यंतच्या वाटेवर ओळखीचे चार-पाच जण भेटले. कुणी साळवे म्हणून हाक मारली, कुणी कायम झाल्याचे पेढे कुठेत म्हणून विचारले. तो मान डोलवत पुढे गेला. बादलीवरच्या नावाची बाजू त्याने पायाकडे धरली होती.