शंभर दाणे

कारंजा गावातल्या त्या लॅबमधल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. चष्मा कपाळावर चढवलेला, बोलता बोलता रुमालाने हात पुसत राहणारा. मी बियाण्याचा व्यापारी, शून्यातून उभा राहिलेला. घासाघीस केल्याशिवाय काही घेत नाही. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं आणि आई बायकोला वांझ म्हणायची. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर शेवटी माझी झाली.

रिपोर्टवर शुक्राणू शून्य. मी भडकलो. "माह्यं सगळं तं बराबर हाय! थोडे तरी लिहा."

"दादा, हा धान्याचा मोंढा नाही," तो हसला. मग रिपोर्टच्या मागे त्याने दोन गोट्या आणि त्यांतून वर जाणाऱ्या नळ्या काढल्या. "बी इथं तयार होते, या नळीनं वर जाते. वीर्याचं पाणी वरच्या गाठींतून येते. नळी बुजली असन, तं पाणी येते, बी येत नाही. सोयाबीन पेराच्या आंधी तुमी गोणपाटावर शंभर दाणे उगवून पाह्यता ना? मंग सहा वर्षं नुसती जमीनच काहून तपासून राह्यले?"

घरी येऊन मी तो कागद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने 'वांझ' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

आता त्या लॅबच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दरवर्षी ओल्या गोणपाटावर दाणे मांडताना मात्र तो माणूस आठवतो, आणि जुना राग उफाळतो: सहा वर्षांत मला तपासणीचं कुणीच कसं विचारलं नाही?

शेजारी दाणे मोजत बसलेली बायको म्हणते, "म्या इचारलं होतं. तुमी ताट फेकलं होतं."