दाजींचं बोट

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते रक्त काढायचं काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा धरतात. धरतात आणि सोडून देतात. यावरून ताईने लग्नापासून त्यांचं डोकं खाल्लंय. घरी आणायचा नाही तर धरता कशाला, हा तिचा प्रश्न. "अगं, बास आहे तो," दाजी म्हणतात. "मग बास करा की," ती म्हणते. हा विनोद आमच्या घरात इतका झिजलाय की आता कुणी हसत नाही, पण म्हटल्याशिवाय राहवतही नाही.

दोन्ही कामं दाजी एकाच बोटावर करायचे. डाव्या हाताची तर्जनी. लहान पोरांच्या शिरा बारीक, त्यात पोरं गुबगुबीत असली की विचारूच नका. अशा वेळी वॉर्डातून निरोप यायचा, सुईकाकांना पाठवा. ते यायचे, पोराच्या दंडाला पट्टा बांधायचे आणि त्याला वाघाची भलतीच गोष्ट सांगत कोपराच्या खळग्यात बोट फिरवायचे. बोट थांबलं की सुई आत. पोराला गोष्टीतला वाघ कुठे गेला ते विचारायचंही भान राहायचं नाही, इतक्यात काम झालेलं असायचं.

आमची ठकी, म्हणजे माझी मुलगी, तिला मूत्रपिंडाचं दुखणं आहे. तिचं रक्त सारखं तपासावं लागतं. ती दाजींशिवाय कुणालाही हात लावू देत नाही. एकदा दाजी रजेवर होते तर या बयेने सगळा मजला डोक्यावर घेतला होता.

आता तळ्यावरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दाजी रबराच्या गांडुळावर मासा धरायचे. बोटभर लांब, मऊ, लिबलिबीत गांडूळ. गळाचं टोक त्या रबरातच लपवायचं, म्हणजे तो पाण्यातल्या फांद्यांत अडकत नाही. पुढे शिशाची छोटी टोकदार गोळी. बुडालेल्या झाडापाशी फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, काठीचं टोक जरा उचलायचं, पुन्हा सोडायचं. बास काही त्यावर झडप घालत नाही. तोंडात ओढून घेतो आणि चालू पडतो. दोऱ्याखाली धरलेल्या बोटाला नुसतं 'टक' लागतं, तेवढंच. त्याच वेळी दोऱ्यातली ढील काढून हिसका दिला तर गळ ओठाच्या कोपऱ्यात लागतो आणि सोडलेला मासा जगतो. उशीर केलात तर तो गिळून बसतो. गळ घशाखाली गेलेला मासा सोडला काय नि न सोडला काय, सारखंच.

मला असला धीर नाही. माझं रंगाचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकाला एकाच पिवळ्याच्या दहा छटा दाखवून माझा धीर दुकानातच संपतो. मी आपला पोटाखाली गळ लावलेला रंगीत लाकडी मासा लांब फेकतो आणि भराभर रीळ फिरवतो. बास मागे धावतो, धडकतो, स्वतःच अडकतो. दाजी याला मासेमारी म्हणायचेच नाहीत. तू तळं झाडतोस, म्हणायचे.

यंदा त्यांचे मासे गळ गिळायला लागले. एक झाला, दुसरा झाला. एक तर सोडल्यावर आडवा होऊन तरंगत राहिला आणि दाजी काठावर उकिडवे बसून त्याच्याकडे बघत बसले. मी म्हटलं, वय झालं दाजी, डुलक्या लागायला लागल्या. त्यांनी नाक मुरडलं. पुढच्या खेपेला स्वतः होऊन म्हणाले, तुझा एक लाकडी मासा दे रे. पाणी गढूळ आहे, गांडूळ दिसत नसेल त्यांना. मला काय, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरी येऊन ताईला सांगितलं, तुझा नवरा शेवटी माझ्या पंथाला लागला.

त्याच सुमारास ठकी लॅबमधून हिरमुसून आली. या वेळी तिला सुई परत परत टोचली होती. दाजी म्हणाले, हलली ती. ठकी जेवताना म्हणाली, मी नव्हते हलले. झोपताना पुन्हा तेच म्हणाली. मी म्हटलं, असू दे गं, कळत नाही आपल्याला. कोपरावर हिरवंनिळं झालं होतं.

मग मागच्या सुट्टीला मी दाजींच्या मागेच लागलो. पाणी आता निवळलंय, काढा ते गांडूळ, पोराबाळांसारखं काय लाकूड ओढताय. ते नको नको म्हणत होते. मी ऐकतोय कसला. शेवटी त्यांनी गांडूळ लावलं, झाडापाशी अगदी हवं तिथे फेकलं. हात तसाच तयार होता. मी माझी काठी खाली ठेवून बाजूला बसलो. दाजी लॅबमधल्या नव्या मशीनची गोष्ट सांगत होते, ते कसं सारखं बंद पडतं नि सगळे कसे त्याच्या पाया पडतात.

आणि दोरा चालायला लागला. पाण्यात शिरतो तिथून सरळ डावीकडे सरकत गेला. तो त्यांच्या बोटावरूनच जात होता. मी दोऱ्याकडे बघतोय, बोटाकडे बघतोय, आणि दाजी मशीनची नक्कल करतायत.

मी हळूच म्हटलं, दाजी, दोरा बघा. त्यांनी दचकून खाली पाहिलं, हिसका दिला. मासा आला, गळ पार आत. मी त्यांना विचारलं, लागलं नाही का बोटाला? ते म्हणाले, हा दोरा जाड आहे, कळत नाही. हे खोटं होतं, दोरा मीच आणला होता, नेहमीसारखाच बारीक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. डबीतला एक गळ उचलला, त्यांचा हात धरला आणि टोक तर्जनीत टोचलं. रक्ताचा थेंब आला. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते, हा आता काय करतोय म्हणून.

खाली बघितल्यावर ते रक्त त्यांना दिसलं. मग कुठे बोलले. साखर फार वाढली होती, आधी पायाची बोटं बधिर झाली, मग हाताची. ताईला सांगितलेलं नाही, लॅबमध्ये नाही, कुणालाच नाही. शीर डोळ्याला दिसते तेव्हा जमतं, म्हणाले. मी विचारलं, आणि दिसत नाही तेव्हा?

"तेव्हा टोचतो," ते म्हणाले. "लागली तर लागली."

मला इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. लेकरं आहेत ती, म्हटलं. ते मान खाली घालून बसले. म्हणाले, मला टेबलावर बसवतील, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. वॉर्डातून निरोप येतो म्हणून मी आहे रे, तो बंद झाला की मी कोण? परवा ठकीचं रक्त आहे, तेवढं मला घेऊ दे. तिचं नीट झालं की मीच सांगतो सगळ्यांना. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

रक्त द्यायच्या दिवशी ठकी लॅबमध्ये खुर्चीत बसली आणि तिने आपणहून बाही वर केली. मी नाही हलणार, म्हणाली. दाजींनी पट्टा बांधला. वाघाची गोष्ट सुरू केली. बोट खळग्यात फिरायला लागलं. मला निळसर रेघ दिसत होती, पुसट, पण होती. बोट तिच्यावरून गेलं, परत आलं, पुन्हा तिच्यावरून गेलं आणि भलतीकडेच थांबलं. दाजींच्या कपाळावर घाम होता. त्यांनी सुई उचलली.

"दाजी, तिथे नाही," मी म्हटलं.

शेजारच्या टेबलापाशी बसलेल्या लॅबच्या बाईंनी मान वर केली. दाजींनी सुई खाली ठेवली. मला वाटलं आता माझ्यावर चिडतील, पण ते बाईंना म्हणाले, हिचं आज तुम्ही घ्या. ठकीचा चेहरा पडला. दाजी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले, म्हणाले, मी हा हात धरतो, तू माझ्याकडेच बघायचं, ठरलं? तिने मान हलवली.

बाईंनी चष्मा लावून खाली वाकून शीर शोधली आणि एका टोचण्यात रक्त आलं. ठकी जराही हलली नाही. दाजी वाघाला नदीपलीकडे घेऊन चालले होते. तेवढ्यात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाई घाबरून म्हणाल्या, झालं गं झालं, सुई काढली बघ. तरी ही रडतेच आहे.

"काका, हात सोडा ना," ती म्हणाली. "दुखतोय."

दाजींनी खाली पाहिलं. तिची बोटं त्यांच्या मुठीत आवळून पांढरीफटक पडली होती. त्यांनी मूठ उघडली, तीसुद्धा मुठीकडे बघत बघत, एकेक बोट.

"अगं, मग सांगायचं नाही का आधी?"

"मला वाटलं, तुम्हाला कळत असेल," ठकी म्हणाली.

मी तिला उचलून घेतलं. दाजी तिथेच बसून होते, हात मांडीवर उताणे. मग ते बाईंना म्हणाले, मोठ्या डॉक्टरांना जरा बोलवा, माझ्या बोटांना काही कळत नाही, त्यांना सांगायचं आहे.