बरगडीची आतली बाजू

उत्खननात सापडलेली गाईची बरगडी मी ब्रशने साफ करत होते. आतून ती गुळगुळीत असायला हवी होती, पण बोटाला खरखर लागली. "आजारी होती ही गाय," मी म्हणाले. खोदकामाला येणाऱ्या सखूबाई वाकून बघत होत्या.

"काय झालं होतं हिला?"

"क्षय असावा. कच्च्या दुधातून माणसालाही होतो."

हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मायेने हिची धार काढून घरच्यांना पाजली असेल. आजार घरात असाच येतो, आपल्याच हातांनी.

सखूबाईंनी घमेलं खाली ठेवलं. "आमची कपिली गाय दोन महिने खोकतेय, बाई. सून पोटुशी आहे. ताकद यावी म्हणून तिला धारेचं दूध, न तापवता, मीच देते."

"सून खोकते का?"

 सखूबाई खड्ड्याबाहेर चढल्या आणि गावाकडे धावत सुटल्या.