माफी कशाची मागू

सभा मशिदीशेजारच्या हॉलमध्ये होती आणि विषय मी होते. मला मात्र बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभं केलं. आत माझा नवरा मान खाली घालून बसलेला. दार अर्धं उघडं. सगळं ऐकू येत होतं.

"ज्याच्या घरची बाई ताब्यात नाही, त्याला जमातीत ठेवायचं कशाला?" जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले.

बुरख्याच्या आत घामाच्या धारा. एकजण बाहेर आला, चपला शोधल्या आणि जाताना माझ्या पायाशी थुंकला. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

माझा गुन्हा सांगते. तळेगावात आमच्या गल्लीतल्या बायका मंगळवारी दुपारी माझ्याकडे जमायच्या. मी कुराणाचा मराठी तरजुमा मोठ्यानं वाचायची. आम्ही इकडच्या, शाळा मराठी, भांडणं मराठी. अरबी फक्त पाठ. माझ्या सासूबाईंचा जन्म नमाज पढण्यात गेला. पहिल्या दिवशी अर्थ ऐकून म्हणाल्या, "म्या रोज ह्ये म्हनत व्हते व्हय?" शेजारच्या शिंदेकाकूही शेंगा सोलत येऊन बसायच्या. त्यांना कुणी ऊठ म्हटलं नाही.

मग शबाना आली. नवऱ्यानं फोनवर तीनदा तलाक म्हटलं आणि सासरच्यांनी घराबाहेर काढलेली. तान्ही मुलगी कडेवर. तिनं विचारलं, "भाभी, यात असंच लिहिलंय का?"

मी शोधून वाचलं. नवराबायकोचं बिनसलं तर दोन्ही घरांतला एकेक माणूस बसवा, समेट करून बघा. तलाक दिला तरी इद्दतीची, म्हणजे तीन पाळ्या थांबायची, मुदत पाळा. शबानानं पुन्हा वाचायला लावलं. मग सासरच्या दारात जाऊन म्हणाली, "माझ्याकडून मामू येतील. तुमचा माणूस बोलवा."

तिचा नवरा सदरांचा पुतण्या.

"बाईनं किताबाचा अर्थ सांगायचा आणि आपण ऐकायचा?" आत कुणीतरी हसलं. सदर हसले नाहीत. माझ्या नवऱ्याला शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईची तब्येत बरी नसते ना? उद्या घरात मयत झाली तर खांदा द्यायला चौघं कुठून आणशील?"

सासूबाईंना दम लागतो, उशीला टेकून झोपतात. हे सगळ्यांना माहीत होतं.

नवरा दाराशी आला. चेहरा पांढरा पडलेला. "चुकलं म्हण," तो म्हणाला. "एवढंच म्हण. घरी जाऊ."

मी म्हणणारच होते. खरंच सांगते, शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात आतून सदर म्हणाले, "तिला बोलायला लावू नको. तिची माफी तूच माग. बाईचा आवाज इथं नको."

म्हणजे माझी माफीसुद्धा माझी नव्हती.

मीच बोलले. "मी वाचलं ते त्यात लिहिलेलं आहे. माफी कशाची मागू?"

आतून कुणीतरी दार लावून घेतलं.

आम्हाला जमातीतून काढलं. घरी नवरा जेवला नाही. लोणावळ्याहून माझ्या लेकीला स्थळ आलं होतं, त्यांचा फोन आला, "पुढं बघू." सलाम केला तर गल्लीतला दुकानदार मान वळवायला लागला. दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघते.

सासूबाईंना सगळं कळलं. रडल्या. "तुझ्यापायी मला माती देयाला कोन यायचं न्हाई व्हय गं?"

मी त्यांचे पाय चेपत बसले.

मंगळवार आला. बायका आल्या नाहीत. शिंदेकाकू आल्या, शेंगा घेऊन बसल्या. उशिरानं शबाना आली. सासूबाई आतून म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. हितवर ऐकू येत न्हाई."

मी मोठ्यानं वाचलं. शबानानं सांगितलं, ती फोनवरच्या तलाकची पोलिसांत तक्रार देणार आहे. साक्षीला कुणी मिळत नाही.

मी येते म्हणाले.

भीती गेलेली नाही. हे लिहितानाही दाराची कडी लावलेली आहे. पण मशीद त्यांच्या ताब्यात असली तरी अल्लाह त्यांच्या ताब्यात नाही. मी मुसलमान आहे, राहणार आहे, आणि शबानाच्या बाजूनं साक्ष देणार आहे. माझ्या तोंडानं.