दर दहावी ओळ

नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला आमच्या सोलापूरच्या घरातली एक दुपार आठवते. गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता आणि उपग्रहाने टिपलेलं अरबी समुद्राच्या तापमानाचं चित्र, मोठं करून छापलेलं, मी फरशीवर पसरलं होतं. त्यात थंड पाण्याच्या बारीक निळ्या रेघा होत्या आणि माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यांच्यावरच उभं होतं. जन्मभर चादरी विणलेले, समुद्र कधीच न पाहिलेले माझे वडील जेवून उठले, उकिडवे बसले आणि कापड तपासावं तसं चित्रावरून बोट फिरवू लागले. "ह्या रेघा पाण्याच्या न्हाईत पोरी," ते म्हणाले, "मोजून बघ की. दोष मागात हाय." मी हसत हसत मोजायला बसले. दर दहाव्या ओळीला रेघ होती. उपग्रहावरचं यंत्र दहा डोळ्यांनी एका वेळी चित्राच्या दहा ओळी टिपायचं आणि त्यातला एक डोळा चुकीचं मोजत होता. माझं तोंड उतरलेलं बघून ते म्हणाले, "कापड लई चांगलं हाय. तेवढा माग नीट कर." प्रकरण मी नव्याने लिहिलं. आता माझ्याकडे रोज नवी चित्रं येतात, आणि समुद्र बघण्याआधी मी त्यांच्यावरून एकदा बोट फिरवते.