बासरीच्या नावावरचा श्वास

छातीच्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी, श्वास तपासायची खोली होती. एक खुर्ची, टेबलावर यंत्र आणि त्याला जोडलेली नळी. तिथे बावीस वर्षं एकच बाई काम करत. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत घट्ट धरायला सांगायची आणि मग ओरडायचं, "फुंका, फुंका, अजून, अजून!" म्हणून सगळे त्यांना फुंकाबाईच म्हणत. "तुझ्या ओरडण्यानंच निम्म्यांना धाप लागत असेल," असं नवरा चिडवायचा.

कोणी घाबरलं तर बाई समजावत. "घशाखाली एकच नळी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. फांद्या फुटत फुटत शेवटी द्राक्षांच्या घडासारख्या इवल्या पिशव्या. तिथं रक्त हवेतलं हवं ते घेतं, नको ते परत देतं. फुप्फुसाला स्वतःचा जोर नाही हो. छातीखालचा पडदा खाली सरकला, बरगड्या उचलल्या, की ते फुगतं. तुम्ही फक्त जीव खाऊन फुंका."

दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यातले कामगार दर वर्षी तपासणीला येत. त्यांत एकाला सगळे बासरी म्हणत, कारण श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शीळ वाजायची. तो स्वतःच हसायचा, "फुकटचं वाजतंय, वाजू द्या." पण दर वर्षी त्याच्या फुंकण्याचा आकडा खाली येत होता. जाड धूळ नाकात अडते, खोकल्याबरोबर बाहेर पडते. ही पूड मात्र पिठाहून बारीक. ती थेट त्या पिशव्यांत जाऊन बसते, तिथं वण धरतात, आणि वण धरलेली जागा पुन्हा फुगत नाही.

एका दुपारी बासरी धाकट्या भावाला घेऊन आला. भाऊ त्याच कारखान्यात पोती भरायचा.

"बाई, या खेपेला माझ्या जागी हा फुंकेल," बासरी हलक्या आवाजात म्हणाला. "मी नापास झालो तर घरी बसवतील. मला दुसरं येतं काय?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग नवी नळी लावली. भावानं एका दमात असं फुंकलं की यंत्रानं कागदावर काढलेल्या रेघेचा सरळ डोंगर उभा राहिला. खाली बाईंनी बासरीचं नाव लिहिलं आणि सही केली.

आठ महिन्यांनी बासरी गेला.

त्याची बायको कागद घेऊन खोलीत आली. भांडायला नव्हे, विचारायला. "ही सही तुमचीच ना? मला वाचता येत नाही. काय लिहिलंय सांगा."

"श्वास ठीक आहे, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग तो गेला कशानं?"

बाई यंत्राची नळी पुसू लागल्या. बायकोनं कागदाची घडी घातली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खोलीत कोणी नसताना, बाईंना शीळ ऐकू आली. आधी आत घेतल्यासारखी, मग सोडल्यासारखी. त्यांनी खिडकीच्या फटीत कापूस कोंबला. यंत्र बंद केलं, पंखा बंद केला. शीळ चालूच. रिकाम्या खुर्चीच्या बाजूनं यायची. एखादा धडधाकट माणूस त्या खुर्चीत बसला की थांबायची, तो उठला की पुन्हा सुरू. घरी भाजी चिरताना बाईंचा स्वतःचा श्वास नकळत तिच्या तालावर चालू लागे. "अशी काय दम धरून बसतेस?" नवरा विचारी.

तीन आठवड्यांनी बाईंनी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "आणखी किती जणांचं असं केलंत?"

"एकाचंच."

"एकच पुरला की."

बाईंना यंत्रावरून काढून कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. मात्र आदल्या वर्षीच्या सगळ्या कामगारांना पुन्हा बोलावलं गेलं. काही जणांनी याच युक्तीनं दुसऱ्याला बसवल्याचं निघालं, आणि बाईंना पत्ताही नव्हता. सात जणांना धुळीच्या कामातून हलवलं.

बाई बासरीच्या घरी गेल्या आणि दारातच सगळं बोलल्या.

"त्यानं खरं फुंकलं असतं तर वाचला असता?" बायकोनं विचारलं.

"बरा झाला नसता. पण धूळ थांबली असती. थोडी वर्षं मिळाली असती कदाचित."

"थोडी म्हणजे किती?"

"माहीत नाही हो."

बायकोनं दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. बाईंना ते जास्त लागलं.

शीळ काही थांबली नाही. कागदांच्या खोलीतही यायची. बाईंनी मग कापूस शोधणं सोडून दिलं.

फेरतपासणीनंतर बासरीचा भाऊ आपला कागद घेऊन बाईंकडे आला. "तिकडचे नुसता आकडा सांगतात. तुम्ही नीट सांगा."

बाईंनी त्याच्यासमोर आदल्या वर्षीचा डोंगर ठेवला आणि शेजारी या वर्षीचा. नवा डोंगर बोटभर बुटका होता.

"तो दादाच्या नावाचा," भाऊ म्हणाला. "आणि हा?"

"हा तुझ्या नावाचा. पण दोन्ही श्वास तुझेच."

तो दोन्ही कागदांकडे पाहत राहिला. त्या आठवड्यात त्यानं कारखाना सोडला.