लाखेतला लाल दोरा

स्पिरिटच्या दिव्यावर चांदीची डबी धरली होती. मागची लाख मऊ झाली आणि तिच्यातून लाल दोरा वर आला. मी दिवा विझवला. दागिन्याच्या भरणीत दोरा कधी नसतो.

जळगावच्या सराफ बाजारात मी चाळीस वर्षं डागडुजी करतोय. पोकळ दागिना चेपू नये म्हणून आत लाख भरतात. आगीने जोड द्यायचा, म्हणजे झाळायचं, तर ती आधी काढावी लागते. हात सवयीने चालले. डबी भुसावळच्या एका चर्चची. समोर काच, काचेमागे नखाच्या कोरीएवढी लाकडाची कपची. बिजागरी तुटली होती आणि नऊ दिवसांवर चर्चचा सण होता. मागची लाख काजळीने काळी झाली होती, मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही.

चर्चच्या फादरना फोन करून दोरा कसला ते विचारलं. त्यांनी सांगितलं की, कपची येशूच्या क्रुसाची मानतात. हेलेना राणीने जेरुसलेममध्ये खणलं तेव्हा तीन क्रूस निघाले. आजारी बाईला एकेक लावून पाहिला, तिसऱ्याने ती उठून बसली, अशी कथा. पुढे तुकडे जगभर गेले, खोटेही निघाले. म्हणून बिशप दोरा बांधून लाखेवर शिक्का मारतात. शिक्का गेला की डबी लोकांपुढे ठेवता येत नाही.

भिंगातून पाहिलं. शिक्क्याची कड ओघळली होती.

आमच्या दुकानातले सगळ्यात जुने कारागीर नाना. ते वाकून बघत म्हणाले, "कोनले समजनार शे? जरासा शेक दे, बठ्ठं जसनं तसं व्हई जाई."

खरंच, शेकून कड पुन्हा सारखी दिसली असती. पाच मिनिटांचं काम. मी डबी कापसात ठेवली आणि फादरना पुन्हा फोन लावून काय केलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते ॲग्नेस आँटींना घेऊन आले. आँटी रेल्वेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, चर्चची देखभाल त्यांच्याकडे. डबी बघून त्या एवढंच म्हणाल्या, "साठ वर्षं मी हिची काच पुसते. मागे कधी बोट लावलं नाही."

मला मान वर करवेना. दुकानाच्या लेटरहेडवर सगळं लिहून सही केली. ते पत्र बिशपांकडे गेलं.

सणाच्या तीन दिवस आधी त्यांचा माणूस शिक्क्याची नोंद असलेला जुना लॅटिन कागद घेऊन आला. भिंगाखाली बराच वेळ शिक्का आणि कागद पडताळत बसला.

"दोरा अखंड आहे. मधली खूण जुळते," तो म्हणाला. "पुन्हा शेकलं असतंत तर खूण पुसली असती. मग मी नाहीच म्हणालो असतो."

नाना तिथून उठून चहा सांगायला गेले.

बिजागरी मी आग न लावता बसवली, चांदीचा रिव्हेट, म्हणजे बारीक खिळा ठोकून. दोन दिवस मोडले. सणाला गेलो. आँटींनी डबीला ओठ टेकवले आणि मला पुढे बोलावलं. मी लांबूनच हात जोडले.

आता कुठलीही जुनी वस्तू आली की दिवा पेटवायच्या आधी मी दहा प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.